‘आयडेंटिटी मिक्स-अप’ला मराठीत काय म्हणावे?

टंकनिका :
लॉगिन-सुरक्षेवरची एक मार्गदर्शिका मराठीत लिहिते आहे. ‘यूजर आयडेंटिटी मिक्स-अप’साठी ‘ओळखीचा घोळ’ लिहिले, पण संपादकांना ते ढोबळ वाटते. शिवाय ऑथेंटिकेशन आणि ऑथोरायझेशन या दोन्हींना कुठे ‘प्रमाणीकरण’ तर कुठे ‘अधिकृतता’ म्हटलेले दिसते. काय वापरावे?

पायवाट :
संपादकांचे बरोबर आहे. घोळ कशालाही म्हणता येतो. मुळात त्या एका इंग्रजी नावाखाली निरनिराळे दोष दडलेत आणि मराठीत त्यांना वेगवेगळे शब्द तयार आहेत. सर्व्हरने एकाच्या खात्याचे पान कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवले आणि पाठोपाठ आलेल्या दुसऱ्याला तेच दाखवले, ही ‘अदलाबदल’. यात लबाडी कोणाचीच नाही. अशा पानांवर ‘कॅश-कंट्रोल : नो-स्टोअर’ (‘साठवू नका’) ही सूचना लावायला कोणीतरी विसरलेले असते. ईमेल जुळला म्हणून दोन माणसांची खाती एक झाली, तर ‘सरमिसळ’. आणि मुद्दाम दुसऱ्याच्या नावाने आत शिरणे म्हणजे सरळ ‘तोतयेगिरी’. सदाशिवरावभाऊंच्या तोतयापासून हा शब्द मराठीत पक्का बसलेला आहे, त्याला ‘छद्म-ओळख’ वगैरे करू नका.

खिडकीपाशी :
तोतयेगिरीचा उलटा प्रकारही लक्षात घ्या. हल्लेखोर स्वतःच्या खात्याचे लॉगिन सुरू करतो, अर्ध्यावर थांबवतो आणि साइटकडे परत नेणारा दुवा तुमच्याकडून उघडवून घेतो. आता तुम्ही त्याच्या खात्यात आहात आणि तुम्हाला पत्ताही नाही. कार्डाचा तपशील भरलात की तो त्याच्या खात्यात जमा. इंग्रजीत याला लॉगिन सीएसआरएफ म्हणतात. मी ‘भलत्याच्या खात्यात प्रवेश’ लिहितो. उपाय ‘स्टेट’ पॅरामीटरचा : लॉगिन सुरू करताना अंदाज न येणारी खूण तयार करायची, त्या ब्राउझरच्या सेशनशी बांधायची आणि परतल्यावर तीच आली तरच पुढे जायचे. आमच्या टीममध्ये याला ‘खूण पटवणे’ म्हणतात. ‘स्टेट-पडताळणी’पेक्षा लवकर समजते.

टंकनिका :
खूण पटवणे घेतेच. पण ऑथेंटिकेशन-ऑथोरायझेशनचे काय?

पायवाट :
‘ओळख पटवणे’ आणि ‘मुभा देणे’. अधिप्रमाणन, प्राधिकरण हे शब्द शासकीय कागदांत शोभतात. त्यातून ‘प्राधिकरण’ म्हटले की वाचकाला कार्यालय आठवते. इंग्रजीतही सगळे सरळ नाही म्हणा. एचटीटीपीचा, म्हणजे ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमांतला, 401 हा त्रुटी-क्रमांक ‘अनऑथोराइज्ड’ म्हणवतो, पण त्याचा अर्थ ओळख पटलेली नाही असा. ओळख पटली तरी मुभा नाही, त्यासाठी 403 आहे.

हा फरक निव्वळ भाषेचा नाही. एका अ‍ॅपला दुसरीकडच्या खात्याचा मर्यादित वापर करू देणारे ओऑथ 2.0 हे मानक 2012 चे. त्यातले अ‍ॅक्सेस टोकन हे मुखत्यारपत्र आहे, ओळखपत्र नव्हे. ‘याला फोटो बघू द्या’ एवढेच ते सांगते. ते आणून देणारा कोण, हे सांगत नाही. कित्येक साइटनी मात्र त्यालाच लॉगिन मानले. मग तुम्ही एखाद्या फालतू खेळाच्या अ‍ॅपला दिलेले टोकन अ‍ॅपवाला दुसऱ्या साइटपुढे ठेवतो, ती साइट त्या टोकनावर प्रोफाइल मागवते, उत्तरात तुमचे नाव येते आणि अ‍ॅपवाला तुमच्या खात्यात! 2014 मध्ये आलेल्या, ओऑथवरच रचलेल्या ओपनआयडी कनेक्ट या लॉगिन-मानकाने वेगळे आयडी टोकन दिले. त्यातला ‘ऑड’ म्हणजे टोकन कोणत्या साइटसाठी काढले ते. पत्रावरचे ‘प्रति’ इथे चपखल बसते. ‘प्रति’मध्ये आपले नाव नसेल तर टोकन नाकारायचे.

गुंतवळ :
एक सावधगिरी. ‘मिक्स-अप अटॅक’ हे एका ठरावीक हल्ल्याचेही नाव आहे आणि त्यात वापरकर्त्यांची गल्लत होतच नाही. साइटने दोन-तीन लॉगिन-सेवा ठेवलेल्या असतात आणि उत्तर नेमके कोणाकडून आले याबद्दल तिला फसवले जाते. चांगल्या सेवेने दिलेला, टोकन मिळवून देणारा कोड ती भामट्या सेवेकडे नेऊन देते. म्हणून उत्तरासोबत ‘आयएसएस’, म्हणजे देणाऱ्याचे नाव, पाठवायची सोय आरएफसी 9207 या इंटरनेट-मानकात 2022 साली झाली. याला ‘सेवेची गल्लत’ म्हणा, नाहीतर दोन प्रकरणे एकमेकांत मिसळतील.

टंकनिका :
मग शीर्षक ‘ओळखीची गल्लत’ आणि खाली अदलाबदल, सरमिसळ, तोतयेगिरी असे पोटविभाग. सेवेची गल्लत स्वतंत्र. टोकनातल्या ‘सब’ला (सब्जेक्ट, म्हणजे टोकन कोणाविषयी आहे ते सांगणारा क्रमांक) काय लिहू? कोणीतरी ‘विषय’ केलेय.

खिडकीपाशी :
‘विषय’ तर नकोच. पण तिथे जरा थांबून लिहा, सरमिसळ टळते ती त्याच्यामुळे. खाते ओळखायचे ते ‘आयएसएस’ आणि ‘सब’ या जोडीवरून, ईमेलवरून नाही. नोकरी सोडून गेलेल्याचा ईमेल पत्ता कंपनी नव्या माणसाला देऊ शकते. ईमेलवर विसंबलात तर नवा माणूस जुन्याच्या खात्यात उतरतो. आणि ‘सब’ एकटाही पुरत नाही, कारण दोन सेवांनी दोन वेगळ्या माणसांना तोच क्रमांक दिलेला असू शकतो.

टंकनिका :
‘धारक’?

गुंतवळ :
नको. बेअरर टोकनचा धारक म्हणजे ज्याच्या हाती ते पडले तो, चोरसुद्धा. ‘व्यक्ती’ही अडते, कारण अ‍ॅक्सेस टोकनात ‘सब’ कधी माणूस नसून एखादा प्रोग्रामही असतो. मी ‘ज्याच्याविषयी’ लिहितो. ओबडधोबड आहे, पण चुकीचे नाही.