विषय: आईला सोबत हवी, हैदराबादहून

उदगीरकर:
मंडळी, आई २० तारखेनंतर सॅन फ्रान्सिस्कोला यायलीय. गुडघे मागच्यापेक्षा वाईट. व्हीलचेअर सांगितलीय, पण तिला धास्ती दुबईत विमान बदलायची. त्या आठवड्यात हैदराबाद-दुबईमार्गे कुणी येतंय का? सोबत मिळाली की तिकीट काढतो.

खजिनदार:
सोबतीच्या ईमेल मंडळाच्या दुसऱ्या लिस्टवर टाकायच्या, हे गणपतीनंतरच ठरलं होतं. असो. हैदराबाद कशाला? आमचे सगळे मुंबईहूनच येतात.

उदगीरकर:
तुमचे सगळे ठाण्याचे हो! उदगीरहून बिदर-जहीराबाद करत शमशाबाद, म्हणजे हैदराबादचं विमानतळ, पाचएक तासांत येतं. मुंबईला अख्खी रात्र रेल्वेत, मग टॅक्सी. अडचण ती नाहीच. हैदराबाद-दुबई चार तास, ते निभतं. पुढचे १३,००० किमी, सोळा तास एका जागी. मधे दिल्लीहून नेलं तर अंतर कमी पडेल का?

नांदेडचे काका:
परत येऊन चार वर्षं झाली, तरी लिस्टवर हाव, म्हणून बोलतो. उगं नकाशावर दोरा लावून बसू नका. २०१६ साली दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. १३,९०० चे १५,३०० किमी झाले अन् वेळ दोनएक तासांनी घटला, साडेचौदा तासांत पोचलं. वारा पाठीशी होता. तेच उलट येताना वारा तोंडावर.

बे एरियातला परभणीकर:
काका, वारा खरा, पण एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केलीय. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की वळसा आलाच. जुने आकडे सांगू नका.

काका:
मी वाऱ्याचं सांगायलो, तुम्ही हद्दीचं.

लातूरची सून:
हे चालू द्या. आईंना सांगा, येसर, म्हणजे आमटीत घालायची मसाल्याची भुकटी, हातातल्या पिशवीत नको. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त भुकटी हातात असली की २०१८ पासून अडवतात. सासूबाईंचा स्टीलचा डबा तपासणीत उघडायला लावला. तो माणूस आत वाकून बघायला गेला आन् शिंकतच राहिला. अर्धं येसर टेबलावर. सासूबाई ते पदरात भरायला लागल्या.

खजिनदार:
विषय काय, चाललंय काय.

उदगीरकर:
येसर मोठ्या बॅगेत टाकायला सांगतो. सोबतीचं?

परभणीकर:
माझा मेहुणा २३ ला देगलूरहून निघतोय, हैदराबाद-दुबईच. पण पोरगं अबोल आहे, आधी सांगून ठेवतो.

उदगीरकर:
चालतंय. आई बोलेल. कुठल्या विमानानं ते तेवढं वेगळं कळवा.

खजिनदार:
दुसऱ्या लिस्टवर.