अनुभव धागा : तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर किती वर्षे पुरला?

धागाकर्ती, जळगाव

बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे लॅपटॉपची खरेदी सुरू होते, आणि बहुतेक घरांत ती सहा-सात वर्षांतून एकदाच होते. रॅम किंवा एसएसडी (माहिती साठवण्याची जागा) अनेक लॅपटॉपमध्ये पुढे वाढवता येते. प्रोसेसर, म्हणजे सगळे काम करणारी मुख्य चिप, मात्र बोर्डावर झाळूनच बसवलेला असल्यामुळे तो नंतर बदलता येत नाही. म्हणून दीर्घकाळ एकच यंत्र वापरलेल्यांनी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, आपले काम आणि अनुभव लिहावा, ही विनंती.

सुरुवात मी करते. २०१८ साली दुकानात दोन लॅपटॉप समोर होते आणि दोन्हींवर इंटेल कंपनीचा ‘आय५’ असेच लिहिलेले होते. एकात ७२००यू होता, म्हणजे सातवी पिढी आणि दोन कोअर (चिपमधले काम करणारे गाभे). दुसऱ्यात ८२५०यू, म्हणजे आठवी पिढी आणि चार कोअर. मी चार हजार रुपये जास्त देऊन दुसरा घेतला, बहिणीने पहिला घेतला. २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तेव्हा इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर त्याला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत होते. माझे यंत्र त्यात बसले. बहिणीचे विंडोज १० वरच राहिले, आणि त्याचा नियमित आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझ्या लॅपटॉपवर शाळेचे निकालपत्रक आणि प्रश्नपत्रिका आजही विनातक्रार होतात.

भुसावळ, स्थापत्य आराखड्यांचे काम

ताई, क्रमांकाच्या शेवटचे अक्षरही पाहावे लागते. माझा आय७-९७५०एच २०१९ चा आहे. सहा कोअर आणि ४५ वॉट. यू मालिकेच्या साधारण १५ वॉटच्या तिप्पट. आराखड्यांसाठी ही ताकद मला खरोखर लागते. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पंखा आत जी हवा ओढतो तीच तापलेली असल्यामुळे प्रोसेसर १०० अंशांच्या मर्यादेजवळ पोहोचून स्वतःचा वेग कमी करतो. दुपारी संथ वाटणारे तेच काम पहाटे सुरळीत होते. त्यामुळे ज्यांना केवळ पत्रव्यवहार आणि हिशेब करायचे आहेत, त्यांनी एच मालिकेच्या मोहात पडू नये, असे मला मनापासून वाटते.

रावेर, केळीचा व्यापार

आय३-१२१५यू, तीन वर्षे. बिले, जीएसटी, गाड्यांच्या नोंदी. वीज गेली तरी बॅटरीवर दुपार निघते. याहून जास्त मला लागत नाही.

धुळे, पालक

मुलासाठी एएमडी कंपनीचा रायझेन ७५२०यू जवळजवळ पक्का केला होता, कारण सात हजारांची मालिका म्हणजे नवीन, अशी माझी समजूत होती. भाच्याने दाखवून दिले की या मालिकेत तिसरा अंक अंतर्गत रचना सांगतो : ७५२० मधला २ म्हणजे झेन २ ही जुनी रचना, तर ७५३० मधला ३ म्हणजे त्यानंतरची झेन ३. शिवाय ७५२०यूला चार कोअर, तर ७५३०यूला सहा. आम्ही ७५३०यू घेतला, आणि दुकानदाराकडून पूर्ण क्रमांक बिलावर लिहून घेतला.

धागाकर्ती

भुसावळच्या दादांना एक प्रश्न : तुमचे यंत्र कमी तापावे म्हणून काही दुरुस्ती केली का?

भुसावळ

हो. चौथ्या वर्षी पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घेतली. त्यानंतर त्याच कामाला तापमान ८५ च्या आसपास राहू लागले. आता दर वर्षी एप्रिल लागण्याआधी पंखा साफ करून घेतो.