डोळ्याचा पडदा तपासल्याशिवाय अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी सोडू नये

जुळ्यांची_आई:
माझी मुलं एकतिसाव्या आठवड्यात झाली, दोन्ही दीड किलोच्या आत. महिनाभर पेटीत होती. सोडताना दूध, टोपी, लस सगळं समजावलं. डोळ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेजारच्या सिस्टरताईंनी विचारलं म्हणून आम्ही धावलो. धाकटीला लगेच लेझर करावं लागलं. बाहेरून डोळे इतके छान, काळेभोर दिसत होते! ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा २ किलोखालचं बाळ न तपासता सोडायला बंदीच हवी.

तालुक्याचा_डॉक्टर:
ताई, बंदीला माझा विरोध आहे. कित्येक बाळं दहा-बारा दिवसांत घरी जातात, तेव्हा पडद्यावर काही दिसेलच असं नाही. आरओपी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून दृष्टी जाऊ शकते तो आजार, नंतर वाढतो. म्हणून पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमखालच्या बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. पुढे रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचेस्तोवर पुन्हापुन्हा. ‘तपासून सोडलं’ असं कार्डावर आलं की घरचे निर्धास्त होतील, हीच मला भीती. आणि पेटी अडली तर पुढचं बाळ ठेवू कुठे?

नातीचा_आजोबा:
डोळ्याला क्लिप लावून बघतात हो! पोर काळीनिळी होईस्तोवर रडली. दुसऱ्यांदा आम्ही नेलंच नाही. अमेरिकेत म्हणे दीड किलोपर्यंतचीच बघतात, आमची १८०० ग्रॅमची होती.

तालुक्याचा_डॉक्टर:
आजोबा, आपल्याकडे दीड किलोवरच्या बाळांनाही हा आजार होतो, म्हणून आपली मर्यादा वर आहे. रडणं थोड्या वेळाचं असतं. लेझरची वेळ आली तर हातात दोन-तीन दिवसच असतात. नात किती महिन्यांची? या आठवड्यातच न्या.

जुळ्यांची_आई:
डॉक्टर, वेळेचं पटलं. पण मग जबाबदारी कुणाची? चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली २९ आठवड्यांची मुलगी जन्मली. तपासणीचं आईवडिलांना सांगितलंच नाही, दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. एकोणीस वर्षांनी! डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने, मराठीत, तारीख आणि ठिकाण लिहा. बाळ आलं नाही तर फोन करा. ‘पडदा पूर्ण’ अशी नोंद होईस्तोवर बाळ तुमचंच.

तालुक्याचा_डॉक्टर:
तारीख लिहीन, फोनही करीन. पण सगळी जबाबदारी आमच्यावर टाकली तर छोटी रुग्णालयं अशी बाळं दाखलच करून घेणार नाहीत. कर्नाटकात २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गावोगावच्या रुग्णालयांत जातात, फोटो तज्ज्ञाकडे पाठवतात. तसा कॅमेरा आमच्या जिल्ह्यात फिरवा, मग बंदी घाला.

जुळ्यांची_आई:
कॅमेरा येईस्तोवर जन्मणाऱ्या बाळांचं काय?