मदत हवी आहे : हाय कॉन्ट्रास्टमध्ये एसव्हीजी चिन्हे दिसेनाशी होतात

नमस्कार. इंदूरमधील एका मराठी वाचनालयाची ग्रंथसूची मी सांभाळतो. आमचे एक ज्येष्ठ वाचक विंडोजमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे ठेवून, म्हणजे हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्ये, वाचतात. त्यांना ‘शोधा’ आणि ‘राखून ठेवा’ या बटनांवरील काळी एसव्हीजी (व्हेक्टर चित्रफाइल) चिन्हे दिसतच नाहीत.

या मोडमध्ये बॉक्स-शॅडो (घटकाभोवतीची सावली) काढून टाकली जात असल्यामुळे फोकसची (कीबोर्डने निवडलेले बटन दाखवणारी) कडही नाहीशी होत होती. तिच्या जागी पारदर्शक आउटलाइन दिल्यावर ती वाचकाच्या रंगात उमटू लागली, तेवढा प्रश्न सुटला. चिन्हे मात्र इमेज टॅगमधून येतात, त्यामुळे करंटकलर (पानावरील मजकुराचा चालू रंग) तिथपर्यंत पोहोचत नाही. फिल्टरने रंग उलटवून पाहिला, पण मग चिन्ह पांढरे होते, पिवळे नव्हे. फोर्स्ड-कलर-अ‍ॅडजस्ट (वाचकाचे रंग लागू होऊ देणारी सोय) बंद करून स्वतःचे रंग लादणे मला योग्य वाटत नाही, कारण ती निवड वाचकाने आपल्या डोळ्यांच्या गरजेने केलेली आहे.

एचटीएमएल (पानाची रचना) बदलण्याची मुभा नाही, फक्त सीएसएस (पान कसे दिसावे याचे नियम) जोडता येते. अशा वेळी फोर्स्ड-कलर्स मीडिया क्वेरीत (फक्त या मोडमध्ये लागू होणाऱ्या नियमांत) मूळ चित्राची अपारदर्शकता शून्य करून, बटनाच्या बिफोर (सीएसएसने तयार होणाऱ्या आभासी) घटकावर तेच चिन्ह मास्क (आकार कापणारा साचा) म्हणून ठेवले आणि त्याला बटनटेक्स्ट (वाचकाने बटनाच्या अक्षरांसाठी निवडलेला रंग) हा पार्श्वरंग दिला, तर एज आणि फायरफॉक्स दोन्हींत ते वाचकाच्याच रंगात दिसेल का, आणि चित्राचा पर्यायी मजकूर स्क्रीन रीडरला पूर्वीसारखाच मिळत राहील का?