नांदूर मधमेश्वर: सहावीच्या मुलांना नक्की काय दाखवू?

सिन्नरच्या_बाई
डिसेंबरातल्या एका शनिवारी सहावीची ४२ मुलं घेऊन नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचं ठरतंय. एसटी मिळेल, पण शाळेत दुर्बिणी दोनच. ओळखीतली एक शाळा जाऊन आली, तर मुलं ‘फ्लेमिंगो कुठंयत’ म्हणत कंटाळून परतली. मला पक्ष्यांतलं फार कळत नाही. किती वाजता पोचावं, कुठे उभं राहावं, शिकवायचं काय?

गोदाकाठी
मॅडम, मी इथलाच, ऊस-कांदेवाला. पहिलं म्हणजे बसमध्ये फ्लेमिंगोचं नावच काढू नका. रोहित, म्हणजे तेच फ्लेमिंगो, आले तर आले, त्यांचं सगळं पाण्यावर. वरच्या धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलं की चिखल बुडतो आणि चिखलात चरणारे पांगतात. आदल्या दिवशी कुणाला तरी फोन करून पाणी किती आहे ते विचारा.

चापडगावच्या बाजूने या, सात-साडेसातला. पक्षी बघायचे सगळे मनोरे फिरवत बसू नका. एकच धरा आणि तासभर हलू नका.

सुरुवात वारकऱ्यापासून करा. काळा, चोच पांढरी, कपाळावर पांढरा टिळा. थव्याने असतो, दुर्बिणीवाचूनही कळतो. हौशी लोक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, पण पोरांसाठी त्याच्याइतका चांगला मास्तर नाही. उडायचं झालं तर तो सरळ उचलत नाही, पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतो आणि मग सुटतो. मग दलदल ससाण्याची वाट बघा. तो पाणकणसांवरून अगदी खालून तरंगत आला की इतका वेळ विखुरलेले वारकरी सरकत सरकत एकमेकांना चिकटतात, पाण्यावर काळा ठिपका होतो. ससाण्याला एकटा पडलेला हवा असतो. हे पोरांना तुम्ही सांगू नका, ‘असं का करतात?’ एवढंच विचारा.

भूगोलाचा तासही इथेच होतो. हे तळं आपोआप झालेलं नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बंधारा घातला. गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारेवाल्यांची डोकेदुखी ती बदकांची चंगळ! तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं ना, त्याची मान तळाला पोचते ती पाणी उथळ आहे म्हणून. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. लोणार आणि ठाणे खाडी नंतर आल्या.

पुणे_पाखरं
छान लिहिलंत. दुर्बिणींची काळजी नको, स्थानिक गाइडकडे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण असते, मुलांची रांग लावा. फक्त मुलांना यादी करायला लावा हो. थापट्या, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, उघड्या चोचीचा करकोचा… वीस-पंचवीस नावं सहज होतात.

गोदाकाठी
यादीला माझा विरोध आहे. पोरं मान खाली घालून वहीत लिहितात आणि पुढच्याचं बघून उतरवतात. एकेकाला एकच पक्षी द्या, दहा मिनिटं तो काय करतो तेवढंच लिहू द्या.

पुणे_पाखरं
बरं, यादी परतीच्या बसमध्ये. मुख्याध्यापकांना अहवाल लागतोच की!

सिन्नरच्या_बाई
अहवाल लागतो, ओळखलंत. एकेकाला एक पक्षी हे मात्र आवडलं. दोन पालकांनी बिबट्याचं विचारलंय, शिवाय थंडी किती असेल?

गोदाकाठी
निफाड तालुक्याची थंडी दरवर्षी पेपरात येते, कानटोपी सक्तीची करा. बिबट्या आमच्या उसात असतो हे खोटं कशाला सांगू, पण दिवसाउजेडी घोळक्यात चालणाऱ्या पोरांच्या वाटेला तो सहसा जात नाही. एकट्यादुकट्याला उसाच्या कडेला लघवीला मात्र पाठवू नका, ते गेटवरच उरकून घ्या. मला जास्त भीती ऊसतोडीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची. रस्ता अरुंद आहे, पोरांना एका कडेने चालवा.

वन्यजीव विभागाला शाळेच्या लेटरहेडवर आधीच पत्र द्या. आणि एसटीच्या ड्रायव्हरला हॉर्नचं निघतानाच सांगा, गेटवर पोचल्यावर सांगून काही उपयोग नसतो.