कोजागिरीला ताजमहाल: नागपूरहून जावं का?

मोगरा_नागपूर:
लग्नाला वर्ष होतंय. लहानपणापासून मनात एकच चित्र आहे, पांढरा चौथरा, टिपूर चांदणं आणि आम्ही दोघं. यंदा कोजागिरीला आग्र्याला जाऊ म्हणून यांच्या मागे लागले आहे. पण ऑफिसातली मैत्रीण नुकतीच जाऊन आली. म्हणते, "नुसती गर्दी गं, त्यापेक्षा आपल्या फुटाळा तलावावर बसा." जीटी एक्स्प्रेसची तिकिटं काढायच्या आत कोणी खरं सांगेल का?

सदरकर:
पौर्णिमेची रात्र, आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन, अशा पाच रात्री ताज उघडतात. शुक्रवार आणि रमजान सोडून. ५०-५० जणांच्या तुकड्या, प्रत्येकीला अर्धा तास, रात्रीत जास्तीत जास्त ४०० माणसं. पांढऱ्या चौथऱ्यापर्यंत जाऊ देत नाहीत, दाराजवळच्या लाल दगडाच्या ओट्यावरूनच लांबून बघायचं.

प्रतापनगरची काकू:
पोरी, जा. पण तिथं दोघंच असू असं धरून जाऊ नको.

आम्ही दिवाळीच्या सुट्यांत गेलो होतो. शिल्पग्रामच्या वाहनतळापासून बॅटरीची गाडी, मग तपासणी. तंबाखूचा खर्रा, माचिस, खायचं, सगळं बाहेर. आत शिरलं की फोटोवाले मागे लागतात, घुमटाचं टोक चिमटीत धरा, इकडे बसा, तिकडे बघा. मुख्य मकबऱ्याचं तिकीट वेगळं. आत शिट्ट्या, "चलो, आगे बढो", आणि प्रत्येक आवाज घुमटात घुमत राहतो. तुझ्या मैत्रिणीचं इथवर खरंच आहे.

पण माझ्या मते ताज गर्दीनं वाया जात नाही, फोटोच्या नादात जातो. आम्ही फोटोवाल्याला नाही म्हटलं आणि पश्चिमेच्या मशिदीपाशी जाऊन बसलो. तिथं माणसं कमी, आणि ताज कडेनं दिसतो, कॅलेंडरवर कधी नसतो तसा. चारही मिनार किंचित बाहेर कललेले आहेत, पडलेच तर मकबऱ्यावर पडू नयेत म्हणून. हे यांनी दाखवलं, मग आम्ही दोघंही कितीतरी वेळ तेच बघत बसलो. भिंतीवरची फुलं रंगवलेली नाहीत, रंगीत दगड कापून बसवलेत. एकेक पाकळी बघ, घाई करू नको.

आत गेलीस की एवढं बघ: मुमताजची कबर बरोबर मधोमध आहे, शहाजहानची बाजूला. जागा तिच्यासाठी होती, तो मागून आला. दिसतात त्या नुसत्या वरच्या, खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. तिचं लग्न १६१२ चं, आणि १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती गेली. तेही आग्र्यात नाही, बुऱ्हाणपूरला. भुसावळहून खांडव्याकडे जाताना लागतं ना, तेच. आधी काही महिने तिला तिथंच तापीकाठी पुरलं होतं. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं! हे आठवलं आणि तिथं माझ्या पोटात तुटलं. प्रेमाचं प्रतीक म्हणताना लोक हे गाळतात, त्याचा मला राग येतो. तू गाळू नको.

वर्धारोडवाला:
ऐन थंडीत जाऊ नका ताई, सकाळी धुक्यात घुमटसुद्धा दिसत नाही. शुक्रवारी दिवसाही बंद असतो. आणि संध्याकाळी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून नक्की बघा, गर्दी फार कमी.

मोगरा_नागपूर:
यांना सगळं वाचून दाखवलं. कोजागिरीचं दूध गच्चीवरच आटवू, आणि नोव्हेंबरात आठवड्याच्या मधल्या वारी दिवसाउजेडी जाऊ. काकू, त्या मशिदीपाशी सकाळी बसावं की दुपारी?

प्रतापनगरची काकू:
दुपार कलल्यावर. तेव्हा ऊन ताजच्या त्या अंगावर येतं आणि मशिदीच्या पुढ्यात सावली असते. तिकीट तीनच तासांचं असतं, म्हणून दोनच्या आधी आत शिरू नका. मकबरा आधी उरकून घ्या, उरलेला सगळा वेळ तिथं बसा.