खाडीत बुडालेली होडी काढायची कोणी?

खाडीकाठी: वर्सोव्याच्या खाडीत आमच्या धक्क्यासमोर एक फायबरची होडी गेल्या पावसाळ्यापासून बुडून पडलीय, ओहोटीला नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि केबिनचं टप दिसतं, भरतीला काहीच नाही, म्हणजे खरा धोका तेव्हाच. परवा रात्री एका बोटीचा पंखा तिच्याच दोरात अडकला. माझं म्हणणं, सरळ सॅल्व्हेजवाले, म्हणजे बुडालेल्या बोटी काढणारे, बोलवा. डायव्हर आधी टाकीचं डिझेल, बॅटरी, ऑइल काढतात, भोक बुजवतात, मग पट्टे घालून एअरबॅगने, म्हणजे हवा भरलेल्या पिशव्यांनी, हळूहळू वर घेतात. आपल्याकडे काय, दोन बोटींना दोर बांधून खेचायचं, ती मधेच फाटते आणि खाडीभर डिझेलचा तवंग.

भांगउधाण: दादा, त्यांचं बिल बघितलंय का कधी, अख्खी होडी विकली तरी तेवढे यायचे नाहीत. आणि खेचतं कोण? ते अडाणी काम. आम्ही पुनवेला नाहीतर अवसेला सकाळी सहाच्या सुमारास पाणी पार खाली गेलं की उतरतो, भोकावर फळी मारतो, चिखल उपसतो, दोन्ही बाजूंना रिकामी पिंपं आवळून बांधतो, दुपारी बाराच्या भरतीला होडी आपली आपण उठते. तुमची एअरबॅग म्हणजे आमचं पिंपच की!

खाडीकाठी: बरं, पिंपाचं मान्य. डिझेलचं काय?

भांगउधाण: हातपंपाने काढतो. सगळे काढत नाहीत, ते खरंय.

दारूखानावाला: दोघंही वर काढायच्या गोष्टी करताय, पुढचं बोला ना. लाकडाची असती तर सागवानाच्या फळ्या विकल्या गेल्या असत्या, इंजिन भंगारात. फायबर कोण घेणार? मी एकदा ग्राइंडरने कापलंय, आठवडाभर हाताला खाज, झोपताना चादरसुद्धा टोचायची. शेवटी तुकडे जातात तिवरांत, नाहीतर कोणीतरी पेटवतं आणि त्या काळ्या धुराने अख्खी वस्ती खोकते.

नियमबघा: मालकाची जबाबदारी आहे, त्यालाच पकडा.

भांगउधाण: ताई, मालकाचं कर्ज अजून चालू आहे, होडीबरोबर जाळीपण गेली, त्याच्याकडून काय पकडणार? २०११ ला जुहूला ‘विस्डम’ आणि ‘पवित’ ही जहाजं येऊन रुतली तेव्हा टगबोटी काय, सगळी यंत्रणा धावली, किनारा चकाचक दिसायला हवा ना! मोठ्या जहाजांना, म्हणजे ३०० टनांवरच्यांना, बुडालेली जहाजं हटवण्याच्या आंतरराष्ट्रीय नैरोबी कराराने असल्या कामाचा विमा सक्तीचा केलाय. आमच्या होडीला कोण विचारतो.

नियमबघा: मग मच्छीमार सोसायटीने वर्गणी काढावी, मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत, जून-जुलैत, बोटी तशाही वर असतात.

भांगउधाण: जूनमध्ये खाडीत उतरून दाखवा आधी.

खाडीकाठी: येत्या अवसेला जमेल का? हातपंप मी आणतो.

भांगउधाण: पिंपं माझ्याकडे सहा आहेत, अजून चार लागतील. कापायला मात्र मी नाय.